तक्त्यात न मावणारा फरक: लोकसभा आणि राज्यसभा

घाटमाथा | सोमवार, रात्री ९:१२

वय २५ आणि ३०. मुदत पाच वर्षं आणि सहा वर्षं. सदस्य ५४३ आणि २४५. एक विसर्जित होते, दुसरी कधीच होत नाही. एवढा तक्ता नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. पण 'मग सरकारला राज्यसभेची भीती वाटते की नाही?' असं कुणी विचारलं, तर त्या तक्त्यातून उत्तर मिळत नाही. म्हणून हा काथ्याकूट.

दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. १७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मतं पडली. एका मताने सरकार गेलं. राज्यसभेत असं काही घडूच शकत नाही, कारण घटनेच्या कलम ७५ प्रमाणे मंत्रिमंडळ जबाबदार आहे ते फक्त लोकसभेला. मार्च २०१५ मध्ये राज्यसभेने राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरच्या आभारप्रस्तावात सरकारचा विरोध मोडून दुरुस्ती घालून घेतली. सरकारची नाचक्की झाली, दुसऱ्या दिवशी सगळे मंत्री आपापल्या खात्यात हजर.

आता दुसरी बाजू. त्याच २०१५ साली, लोकसभेत एकट्या भाजपचे २८२ निवडून आलेले असताना, भूसंपादन कायद्यातले बदल राज्यसभेत अडले. लोकसभेने मंजूर केले होते. वटहुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागला आणि शेवटी ३१ ऑगस्टला तो संपू द्यावा लागला. म्हणजे जे सभागृह सरकार पाडू शकत नाही, त्याने एवढ्या बहुमताच्या सरकारला माघार घ्यायला लावली.

माझं म्हणणं असं की राज्यसभेची ताकद कलमांच्या यादीत शोधू नये, कॅलेंडरात शोधावी. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. महाराष्ट्राच्या १९ जागा सहा, सहा आणि सात अशा तीन तुकड्यांत भरल्या जातात. २०२१ साली आपले जे १९ खासदार तिथे बसले होते, त्यातले २०१६ आणि २०१८ च्या तुकडीचे बारा जण २०१४ च्या विधानसभेने पाठवलेले आणि २०२० चे सात जण २०१९ च्या विधानसभेने. राज्यात सरकार बदलून दोन वर्षं झाली होती, तरी राज्यसभेतला मोठा वाटा जुन्या विधानसभेचा होता. लोकसभेत मतदाराचा आजचा कौल दिसतो, राज्यसभेत आजचा, परवाचा आणि त्याच्याही आधीचा, सगळे एकत्र. लाट येते तेव्हा हे दोन कौल जुळत नाहीत, आणि राज्यसभेला जे काही वजन येतं ते त्या न जुळण्यामुळे.

जाणकारांनी भर घालावी.

खडूस आजोबा | सोमवार, रात्री १०:०५

लेख चांगला आहे पण फार सोवळ्यात लिहिलाय. राज्यसभा ही निवडणुकीत पडलेल्यांची धर्मशाळा आहे, हे आधी लिहा की! १९९८ ला प्रमोद महाजन ईशान्य मुंबईतून पडले, काही महिन्यांत राज्यसभेत. २०१९ ला उदयनराजे साताऱ्याच्या पोटनिवडणुकीत पडले, पुढच्या वर्षी राज्यसभेत. जेटली २०१४ ला अमृतसरला पडले आणि थेट अर्थमंत्री झाले, कारण राज्यसभेची जागा हातात होती. ज्याला लोकांनी नाकारलं त्याला मागच्या दाराने आत घ्यायचं, आणि त्याला म्हणायचं 'ज्येष्ठांचं सभागृह'.

कोरा कागद | सोमवार, रात्री १०:३१

आजोबा, तुमच्या यादीत एक नाव राहिलं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर पडले. काजरोळकर निवडून आले. ज्यांनी घटनेचा मसुदा केला त्यांना त्याच घटनेने बनवलेल्या पहिल्या लोकसभेत जागा मिळाली नाही. त्याच वर्षी ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि अखेरपर्यंत तिथेच होते. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही ते हरले. 'धर्मशाळा' नसती तर तो माणूस संसदेबाहेर राहिला असता.

पडलेल्याला आत घेणं हा दोष की गुण, हे पडलेला कोण आहे यावर ठरतं.

खडूस आजोबा | सोमवार, रात्री १०:४४

बाबासाहेबांचं उदाहरण देऊन दरवाजा उघडायचा आणि आत कोण शिरतं ते बघायचंच नाही, ही जुनी युक्ती आहे. एका आंबेडकरांच्या मागे किती जण आले ते मोजा.

अभ्यासिका | सोमवार, रात्री ११:२०

मी एमपीएससी करतेय. एक शंका. पंतप्रधान राज्यसभेचा असला तर तो लोकसभेत विश्वासदर्शक ठराव कसा मांडतो?

जुना स्टेनो | मंगळवार, सकाळी ६:५०

@अभ्यासिका, कलम ८८ बघा. मंत्री दोन्ही सभागृहांत बोलू शकतो, पण मत देऊ शकतो फक्त जिथला सदस्य आहे तिथे. २२ जुलै २००८ चा अणुकराराचा विश्वासठराव आठवतोय का? मनमोहनसिंगांनी ठराव मांडला, सरकारने २७५ विरुद्ध २५६ असा तो जिंकला. पण खुद्द पंतप्रधानांना त्यावर मत देता आलं नाही, कारण ते आसाममधून राज्यसभेवर होते. १९६६ ला इंदिरा गांधी पहिल्यांदा पंतप्रधान झाल्या तेव्हा त्याही राज्यसभेच्याच होत्या. देवेगौडा आणि गुजराल, दोघेही तिथलेच. म्हणजे पंतप्रधान वरच्या सभागृहाचा चालतो, पण त्याची खुर्ची टिकते खालच्या सभागृहातल्या मतांवर, ज्यात त्याचं स्वतःचं मत नसतं.

अवांतर: पीठासीन अधिकाऱ्यातही हाच प्रकार आहे. लोकसभेचा अध्यक्ष हा सभागृहाचाच सदस्य. दादासाहेब मावळंकर पहिले, आपल्याकडचे शिवराज पाटील आणि मनोहर जोशी नंतरचे. राज्यसभेचे सभापती म्हणजे उपराष्ट्रपती, ते त्या सभागृहाचे सदस्यच नसतात. त्यांना पदावरून काढण्याचा ठराव मात्र राज्यसभेतच सुरू व्हावा लागतो.

मांडवीकाठ | मंगळवार, सकाळी ९:३०

गोव्याहून. तुमच्या १९ जागांच्या तुकड्या वाचून हसू आलं. आमची राज्यसभेत एकच जागा, १९८७ ला घटक राज्य झालो तेव्हा मिळालेली. लोकसभेच्या दोन. त्यामुळे आमच्याकडे तुकड्या वगैरे काही नाही. सहा वर्षांतून एकदा चाळीस आमदार एक माणूस पाठवतात, आणि त्या दिवशी ज्याच्याकडे बहुमत त्याची सहा वर्षं. गोव्यात आमदार किती स्थिर असतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे 'जुना कौल' वगैरे शब्द आमच्यासाठी फार मोठे झाले.

आणि 'राज्यांचं सभागृह' म्हणता तर उत्तर प्रदेशाला ३१ आणि आम्हाला एक का? लोकसभेत लोकसंख्येप्रमाणे वाटा, हे समजू शकतं. राज्यसभेतही लोकसंख्याच बघायची असेल तर राज्य म्हणून आम्हाला वेगळं काय मिळालं?

न्यूजर्सीकर | मंगळवार, सकाळी ११:०२

@मांडवीकाठ, इकडे तुमच्या मनासारखं आहे. कॅलिफोर्निया असो की वायोमिंग, सेनेटमध्ये प्रत्येकी दोन. पण त्यावरही कायम कुरकुर असते की वायोमिंगच्या एका मतदाराचं वजन कॅलिफोर्नियाच्या कितीतरी मतदारांएवढं होतं. शिवाय सेनेटचे सदस्य १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपासून थेट लोक निवडतात, त्याआधी तुमच्यासारखेच राज्यांची विधिमंडळं निवडायची. न्यायाधीशांच्या नेमणुका, परराष्ट्र करार, सगळं सेनेटच्या हातात. राज्यसभेला असला एकही अधिकार नाही.

घाटमाथा | मंगळवार, दुपारी १:१५

@मांडवीकाठ, भारतात सूत्र मधलं आहे. पहिल्या ५० लाख लोकसंख्येपर्यंत दर दहा लाखांना एक जागा, त्यापुढे दर वीस लाखांना एक, असं घटना समितीच्या वेळी धरलं गेलं. त्यामुळे मोठ्या राज्याचा वाटा थोडा दाबला जातो, पण समान होत नाही. लोकसभेत उत्तर प्रदेश ८०, गोवा २, म्हणजे चाळीस पट. राज्यसभेत एकतीस पट. सिक्कीमला मात्र दोन्हीकडे एकेकच. तुम्हाला मिळालेली सवलत एवढीच.

मांडवीकाठ | मंगळवार, दुपारी १:४०

देव बरें करूं. चाळीसवरून एकतीसवर आलो, आता पेढे वाटतो.

कोरा कागद | मंगळवार, दुपारी ३:०८

राज्यांचं सभागृह हे नाव किती खरं आहे, त्याची परीक्षा जीएसटीच्या वेळी झाली. लोकसभेने मे २०१५ मध्ये घटनादुरुस्ती मंजूर केली, तेव्हा तिच्यात आंतरराज्य व्यापारावर एक टक्का जादा कराची तरतूद होती. तो पैसा जिथून माल निघतो त्या राज्याला मिळणार होता, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, तामिळनाडू अशा कारखानदारीच्या राज्यांना. राज्यसभेत काँग्रेसने आग्रह धरला की हे काढा. शेवटी ३ ऑगस्ट २०१६ ला राज्यसभेने ती तरतूद वगळूनच विधेयक मंजूर केलं आणि ते पुन्हा लोकसभेत गेलं.

करप्रणाली म्हणून एक टक्का काढणं योग्यच होतं, तो साखळीत अडकणारा कर होता. माझा मुद्दा वेगळा आहे. महाराष्ट्राच्या तिजोरीत येऊ शकणारा पैसा राज्यांच्या सभागृहात वगळला गेला आणि महाराष्ट्राचे सगळ्या पक्षांचे खासदार 'आमच्या राज्याचं काय' म्हणून एकत्र उठले, असं काही झालं नाही. मतदान पक्षाप्रमाणे होतं. व्हिप पक्षाचा असतो, राज्याचा नसतो.

आणि खासदार तरी राज्याचे कुठे असतात? २०१६ ला महाराष्ट्रातून पी. चिदंबरम, २०१८ ला व्ही. मुरलीधरन, २०२२ ला इम्रान प्रतापगढी. तामिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश. २००३ पर्यंत निदान त्या राज्याचा मतदार असण्याची अट होती, म्हणून लोक कागदोपत्री पत्ता तरी दाखवायचे. २००३ च्या दुरुस्तीने ती अट काढली, आणि २००६ ला कुलदीप नय्यर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यात घटनाबाह्य काही नाही.

घाटमाथा | मंगळवार, दुपारी ३:५०

@कोरा कागद, मुद्दा मान्य, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. राज्याच्या हितासाठी राज्यसभा अडवत नाही, हे खरं. ती अडवते ते पक्षांची बेरीज वेगळी असते म्हणून. एक टक्का निघाला तोही काँग्रेसकडे राज्यसभेत संख्या होती म्हणून. लोकसभेत तेव्हा त्यांचे ४४ होते, तिथे त्यांना कोण विचारत होतं?

सांगलीचा बेदाणा | मंगळवार, संध्याकाळी ७:२५

एवढी चर्चा झाली आणि जून २०२२ चा विषय कुणीच काढला नाही? लोकसभेला आपण बटण दाबतो, ज्याला जास्त मतं तो आला, संपलं. राज्यसभेचं गणित त्या रात्री अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं आणि निम्म्यांना ते कळलं नाही. नीट सांगतो, कारण दोन सभागृहांतला निवडणुकीचा फरक इतका उघडा परत दिसायचा नाही.

सहा जागा, सात उमेदवार. आपल्याकडे कितीतरी वर्षं ही निवडणूक बिनविरोधच होत आली होती. आमदार २८८, पण एक जागा रिकामी होती, दोन आमदार तुरुंगात होते आणि त्यांना मतदानाची परवानगी मिळाली नाही. मतं पडली २८५. त्यातलं सुहास कांदे यांचं मत निवडणूक आयोगाने बाद केलं. मतपत्रिका आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची असते, त्यालाच आणि तेवढीच. त्यावरून तक्रार झाली, दिल्लीहून निर्णय येईपर्यंत मोजणी थांबली, निकाल पहाटे.

राहिली २८४. कोटा काढायचा म्हणजे वैध मतांना जागा अधिक एक, म्हणजे सातने भागायचं. प्रत्येक मताची किंमत १०० धरतात. २८,४०० भागिले ७ म्हणजे ४,०५७ आणि वर एक, ४,०५८. साध्या भाषेत ४०.५८ मतं.

पहिल्या पसंतीची मतं अशी: पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७. पहिले पाच कोटा ओलांडून गेले. सहाव्या जागेला पवार ३३ आणि महाडिक २७. लोकसभा असती तर पवार आले असते, विषय संपला असता.

पण इथे विजेत्याची शिल्लक मतं वाया जात नाहीत, दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. भाजपच्या गोयल आणि बोंडे यांच्याकडे कोट्यापेक्षा प्रत्येकी सातच्या वर मतांची किंमत शिल्लक होती. दोन्ही शिल्लकी महाडिकांकडे वळल्या आणि त्यांनी कोटा पार केला. पवारांना महाविकास आघाडीच्या तिघांची (प्रतापगढी, पटेल, राऊत) मिळून शिल्लक सहाच्या आसपास, ती सगळी मिळाली तरी चाळिशीच्या आतच. २७ वाला आला, ३३ वाला राहिला. भाजपने पहिल्या दोघांना मुद्दाम ४८-४८ दिली होती. शिल्लक मतं मोठ्या किमतीची असल्याने ती आधी वाटली जातात, हे त्यांच्या हिशेबनिसाला नीट माहीत होतं.

खडूस आजोबा | मंगळवार, रात्री ८:१०

बेदाणेशेठ, हिशेब झकास. पण एक सांगा, अपक्ष आणि छोट्या पक्षांचे आमदार त्या आठवड्यात हॉटेलांत का होते? लोकसभेच्या निवडणुकीत मतदाराला हॉटेलात ठेवावं लागत नाही. मतदार २८८ असले की प्रत्येकाला किंमत येते, हाही दोन सभागृहांतला फरकच!

सांगलीचा बेदाणा | मंगळवार, रात्री ८:३०

म्हणून तर २००३ ला उघडं मतदान आणलं ना. गुप्त असताना पक्षाला पत्ताच लागायचा नाही कोण फुटलं. आता लागतो. पण फुटला तरी पक्षांतरबंदीखाली त्याची आमदारकी जात नाही, कारण हे मतदान सभागृहाच्या कामकाजात धरत नाहीत. पक्ष फार तर हकालपट्टी करतो. २०१७ ला गुजरातेत अहमद पटेल जिंकले ते काँग्रेसच्या दोन फुटीर आमदारांनी मतपत्रिका भलत्याच माणसाला दाखवली आणि ती दोन मतं बाद झाली म्हणून. आणि 'नोटा'? २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने या निवडणुकीतून तो काढून टाकला. लोकसभेला आपल्याला आहे, आमदाराला नाही.

व्यवस्थापकीय चिमटा | मंगळवार, रात्री ९:००

जून २०२२ च्या त्या निकालानंतर पुढच्या दहा दिवसांत काय झालं यावर वेगळे धागे आहेत. इथे दोन सभागृहांपुरतं बोलावं.

नर्मदेतला गोटा | बुधवार, सकाळी ८:१५

एक गोष्ट कुणी बोललं नाही. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचं जमलं नाही तर कलम १०८ खाली संयुक्त बैठक होते, आणि तिथे लोकसभेची संख्या दुपटीहून जास्त असल्याने राज्यसभा बुडते. आजवर तीनदाच झाली: १९६१ ला हुंडाबंदी, १९७८ ला बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचं विधेयक, २००२ ला पोटा हा दहशतवादविरोधी कायदा. पोटाला ४२५ विरुद्ध २९६. म्हणून काही जण म्हणतात की राज्यसभा शेवटी फक्त उशीर करते.

पण घटनादुरुस्तीला संयुक्त बैठकच नाही. दोन्ही सभागृहांत वेगवेगळं दोन तृतीयांश लागतं, आणि तिथे राज्यसभा लोकसभेच्या तोडीस तोड आहे. ५ सप्टेंबर १९७० ला संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचं विधेयक राज्यसभेत आलं. लोकसभेने मंजूर केलेलं. बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४, त्याचे दोन तृतीयांश १४९ पूर्णांक एक तृतीयांश. म्हणजे एक अख्खं मतही नाही, मताचा तिसरा हिस्सा कमी पडला आणि विधेयक पडलं! आमच्याकडे आजोळी अजून या आकड्याची गोष्ट सांगतात, संस्थानी गाव होतं.

पुढचं तर आणखी रंगतदार. इंदिराबाईंनी लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढली. १५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. २७ डिसेंबरला लोकसभा विसर्जित. १९७१ ची निवडणूक प्रचंड बहुमताने जिंकून २६ व्या दुरुस्तीने तनखे बंद झाले. तनखे वाचले नाहीत. पण सरकारला त्यासाठी लोकांसमोर जाऊन यावं लागलं.

१९८९ ला राजीव गांधींची पंचायत राज आणि नगरपालिकांची दोन विधेयकं अशीच राज्यसभेत पडली. लोकसभेत त्यांचे चारशेवर खासदार होते, त्याचा इथे उपयोग झाला नाही. ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती मग १९९२ ला झाली.

जुना स्टेनो | बुधवार, सकाळी १०:२०

१९७० वर टाळ्या. उलटं उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर वाटेल लोकसभा नेहमी पुढे पळते आणि राज्यसभा मागे ओढते. महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेने ९ मार्च २०१० ला १८६ विरुद्ध १ असं मंजूर केलं. लोकसभेत ते कधी मतदानालाच आलं नाही. २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली आणि तिथे पडून असलेलं विधेयक तिच्याबरोबर मेलं. राज्यसभेत मांडलेलं आणि तिथेच प्रलंबित असलेलं विधेयक मरत नाही, कारण ते सभागृह विसर्जितच होत नाही. लोकसभेच्या टेबलावर गेलं की मात्र लोकसभेच्या आयुष्याशी बांधलं जातं. २०२३ ला नवं विधेयक आलं, लोकसभेत ४५४ विरुद्ध २, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य.

अभ्यासिका | बुधवार, सकाळी ११:०५

आणि त्यातलं आरक्षण लोकसभा आणि विधानसभांनाच आहे. ज्या सभागृहाने तेरा वर्षं आधी मंजुरी दिली, त्याला स्वतःला ते लागूच नाही!

कोरा कागद | बुधवार, दुपारी १२:४०

घाटमाथा, तुमच्या कॅलेंडराच्या सिद्धान्ताला एक भोक आहे, त्याचं नाव धनविधेयक, म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचं विधेयक. दोन्ही सभागृहांची बेरीज कितीही वेगळी असो, विधेयकावर लोकसभा अध्यक्षांनी 'धनविधेयक' असा शिक्का मारला की राज्यसभेकडे १४ दिवस आणि शिफारशी, एवढंच उरतं. शिफारशी लोकसभेने केराच्या टोपलीत टाकल्या तरी चालतं.

आधारचं विधेयक मार्च २०१६ मध्ये असंच आणलं. त्यात सरकारी खर्चाचा भाग होता, पण नागरिकांच्या माहितीचं काय करायचं, ती कुणाला द्यायची, हेही होतं. राज्यसभेने १६ मार्चला पाच दुरुस्त्या सुचवल्या. लोकसभेने त्याच दिवशी त्या फेटाळल्या. भूसंपादनाला २०१५ मध्ये जे झालं ते आधारला होऊ नये म्हणून हा रस्ता निवडला, हे न कळण्याइतकं कुणी भोळं नाही. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा कायदा बहुतांशी उचलून धरला. न्या. चंद्रचूड यांनी वेगळ्या निकालपत्रात हा घटनेशी केलेला कपट असल्याचं म्हटलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या घटनापीठाला आधारच्या बहुमताचं विवेचन अपुरं वाटलं आणि धनविधेयकाचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला.

तुम्ही म्हणता भीती कॅलेंडरात आहे. मी म्हणतो, शिक्का अध्यक्षांकडे आहे आणि अध्यक्ष बहुमताकडे.

घाटमाथा | बुधवार, दुपारी २:००

भोक आहेच. पण शिक्का मारायची गरज कधी पडते? राज्यसभेत बहुमत नसतं तेव्हा. ज्याला कुलपाची भीती नाही तो खिडकी कशाला शोधेल? तिहेरी तलाकचं विधेयक बघा. त्याला धनविधेयक म्हणणं शक्यच नव्हतं, फौजदारी कायदा होता. लोकसभेने डिसेंबर २०१७ ला आणि परत डिसेंबर २०१८ ला मंजूर केलं, दोन्ही वेळा राज्यसभेत अडकलं. ३० जुलै २०१९ ला ९९ विरुद्ध ८४ असं निघालं, काही पक्ष मतदानाला थांबले नाहीत म्हणून. दीड वर्ष. आणि घटनादुरुस्तीवर तर शिक्का चालतच नाही.

खडूस आजोबा | बुधवार, दुपारी ३:३०

बरं, ते बारा नामनियुक्त राहिले. साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा. लोकसभेत आता एकही नामनियुक्त नाही, अँग्लो-इंडियनांच्या दोन जागा २०२० पासून बंद झाल्या. राज्यसभेत आपल्याकडचे महामहोपाध्याय काणे होते, मामा वरेरकर होते, धनंजयराव गाडगीळ होते. मग लता मंगेशकर आणि सचिन तेंडुलकर. लताबाई आणि सचिन दोघांच्या हजेरीवरून बोंब झाली आणि मला विचाराल तर रास्त झाली. मानाचं पद द्यायला भारतरत्न आहे, पद्मविभूषण आहे. खासदारकी हे काम आहे.

मांडवीकाठ | बुधवार, संध्याकाळी ५:१०

आजोबांशी पहिल्यांदाच सहमत. सचिनने डोंजा गाव दत्तक घेतलं होतं, ते चांगलंच. नामनियुक्तांना खासदार निधी देशभरात कुठेही देता येतो, ही सोय लोकसभेच्या खासदाराला नसते, त्याला आपला मतदारसंघ बघावा लागतो. पण गाव दत्तक घ्यायला कायद्यावर मत देण्याचा अधिकार कशाला हवा?

सांगलीचा बेदाणा | बुधवार, संध्याकाळी ६:००

आपली विधान परिषद आणि राज्यसभा एकाच माळेत ओवणाऱ्यांसाठी: परिषद साधं विधेयक आधी तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना अडवू शकते, मग विधानसभेचंच खरं. संयुक्त बैठक नाही. घटनादुरुस्तीत तिला स्थान नाही. आणि विधानसभेने ठराव केला तर संसद साध्या कायद्याने ती बरखास्तही करू शकते. राज्यसभेला हात लावायला घटनाच बदलावी लागेल, आणि त्या दुरुस्तीला राज्यसभेचंच दोन तृतीयांश लागेल. वरिष्ठ सभागृह म्हणून दोघींना एकच मान देऊ नये.

नर्मदेतला गोटा | बुधवार, रात्री ८:४५

राज्यसभेचे स्वतःचे दोन अधिकार आहेत तेही नोंदवून ठेवतो, परीक्षावाल्यांना लागतील. कलम २४९: राज्यसूचीतल्या विषयावर संसदेला कायदा करू द्यायचा तर ठराव राज्यसभेनेच दोन तृतीयांशाने करायचा. कलम ३१२: नवी अखिल भारतीय सेवा सुरू करायची तरी तसाच ठराव. वनसेवा १९६६ ला अशीच आली. फार वापर नाही, पण लोकसभेला हे अधिकार नाहीत.

अभ्यासिका | बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार, वाखू (वाचनखूण) साठवली आहे. शेवटची शंका. राज्यसभेत असताना कुणी लोकसभेला निवडून आलं तर दोन्ही जागांतली एक निवडायची मुभा असते का?

जुना स्टेनो | गुरुवार, सकाळी ६:४०

नाही. आधीपासून राज्यसभेत बसलेला माणूस लोकसभेला निवडून आला की राज्यसभेची जागा आपोआप रिकामी होते, राजीनामा द्यावा लागत नाही. २०२४ ला पीयूष गोयल उत्तर मुंबईतून आणि उदयनराजे साताऱ्यातून आले, तेव्हा महाराष्ट्राच्या दोन जागा एकदम रिकाम्या झाल्या. आता वर बेदाणा यांनी सांगितलेलं कोट्याचं गणित इथे लावू नका. पोटनिवडणुकीत प्रत्येक रिकाम्या जागेची निवडणूक वेगळी धरतात. दोन जागांची एकत्र असती तर विरोधकांना एक मिळण्याची आशा होती. वेगवेगळी असली की विधानसभेत ज्याचं बहुमत त्याच्या दोन्ही. ऑगस्ट २०२४ ला म्हणूनच दोन्ही बिनविरोध झाल्या. निवडून आलेल्याला सहा वर्षं मिळत नाहीत, आधीच्या सदस्याची उरलेली मुदतच मिळते, एकाला २०२६ पर्यंत, दुसऱ्याला २०२८ पर्यंत.